मातमापासून तमाशापर्यंत : ‘हॉब्सन-जॉब्सन’ या यमकी शब्दाचे प्रकरण

इंग्रजीत यमकाने जुळवलेल्या जोडशब्दांची परंपरा फार जुनी आहे. होकस-पोकस, मम्बो-जम्बो, हॉइटी-टॉइटी, विली-निली असे कितीतरी शब्द त्या भाषेत सहज वावरतात आणि त्यांतील बहुतेकांचा सूर थट्टेचा, नाही तर तुच्छतेचा असतो. काहींचा जन्मदाता ठाऊक आहे. ‘नॅम्बी-पॅम्बी’ हा शब्द हेन्री कॅरी याने १७२५ मध्ये ॲम्ब्रोज फिलिप्स या कवीच्या गोडगोड कवितांची खिल्ली उडवण्यासाठी त्याच्याच नावावरून घडवला. ‘हॉब्सन-जॉब्सन’चे प्रकरण निराळे आहे. हिंदुस्थानातले इंग्रज मोहरमच्या सोहळ्याला आणि एकंदर उत्सवी गलबल्याला हा शब्द वापरत. तो कोणा एकाने घडवलेला नाही, त्याचे मूळ इंग्रजी नाही, आणि त्याच्या जन्माच्या कागदोपत्री खुणा सुरत, मुंबई, मद्रास अशा ठिकाणच्या रस्त्यांपर्यंत येऊन पोहोचतात. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती पुराव्याने कशी उभी राहते आणि नाद बदलत असताना अर्थही कसा निसटत जातो, हे दाखवण्यासाठी इतके भरघोस उदाहरण क्वचितच मिळते. म्हणून त्याची सविस्तर तपासणी येथे केली आहे.

प्रथम दोन गैरसमज बाजूला काढतो. हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांच्या अँग्लो-इंडियन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीच्या, शब्दकोशाला हे नाव असल्यामुळे हॉब्सन आणि जॉब्सन हे त्याचे लेखक असावेत, असे अनेकांना वाटते. अशा नावांचे कोणी लेखक नव्हते. दुसरे म्हणजे ‘हॉब्सन्स चॉइस’ या इंग्रजी वाक्प्रचाराशी या शब्दाचे काही नाते नाही. तो वाक्प्रचार केंब्रिजच्या टॉमस हॉब्सन नावाच्या भाड्याने घोडे देणाऱ्या माणसावरून आला. दाराजवळचा घोडा घ्या, नाही तर चालते व्हा, असा त्याचा खाक्या होता आणि तो १६३१ मध्ये वारला. मात्र हॉब्सन हे आडनाव इंग्रजी कानाला किती सरावाचे होते, एवढे त्यावरून कळते आणि पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मूळ आरोळी

शब्दाच्या तळाशी एक शोकाची हाक आहे : ‘या हसन! या हुसेन!’, म्हणजे ‘हे हसन! हे हुसेन!’ हसन आणि हुसेन हे प्रेषित मुहंमदांची कन्या फातिमा आणि अली यांचे पुत्र. हिजरी सन ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे इ. स. ६८० च्या ऑक्टोबरात, करबला येथे हुसेन आपल्या मूठभर सोबत्यांसह मारले गेले. थोरले हसन त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी मदिनेत वारले होते. त्यांच्यावर विषप्रयोग झाला, अशी परंपरा आहे. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने हे दोन मृत्यू वेगळ्या काळी आणि वेगळ्या ठिकाणी घडले. मोहरमच्या मातमात मात्र छाती पिटत निघालेली मिरवणूक दोन्ही नावे एका दमात घेते.

ही नावे मुळातच एकमेकांशी जुळणारी आहेत, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. दोन्ही एकाच अरबी धातूपासून निघाली आहेत. हसन म्हणजे चांगला, सुंदर, आणि हुसेन हे त्याच नावाचे लघुत्वदर्शक, लाडिक रूप. तेव्हा यमकाचे बीज इंग्रजांनी पेरलेले नाही. ते आरोळीतच होते. शेकडो कंठांतून, ढोलाच्या ठेक्यावर ती आरोळी पुन्हापुन्हा उठू लागली, की अरबी-फारसीचा गंध नसलेल्या माणसाच्या कानावर दोन व्यक्तींची नावे न पडता एक झुलणारा जोडनाद पडत असणार.

नोंदींची माळ

यूल-बर्नेल यांच्या कोशाची पद्धत अशी, की शब्दाचा अर्थ थोडक्यात द्यायचा आणि त्याखाली निरनिराळ्या शतकांतील लेखकांची अवतरणे कालानुक्रमे मांडायची. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नोंदीखाली त्यांनी लावलेली अवतरणांची माळ हाच या प्रकरणातील मुख्य पुरावा होय.

आरंभीच्या अवतरणांपैकी एक पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाचे, १६१८ सालचे, इराणातले आहे. लोक छाती पिटत हुसेनच्या नावाने आक्रोश करतात, असे तो लिहितो, आणि त्याच्या लेखणीत हुसेन हे नाव जवळजवळ शुद्ध उतरले आहे. तो फारसी शिकलेला, चौकस माणूस होता, आणि जे ऐकले ते कोणाचे नाव आहे हे त्याला ठाऊक होते. यमक अजून कोठेही नाही.

त्यानंतर येतो जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा शल्यवैद्य १६७३ मध्ये हिंदुस्थानात उतरला, मुंबई आणि सुरतेत राहिला, पुढे मोगल किल्लेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरलाही जाऊन आला. शिवकालाच्या अभ्यासकांना त्याचे नाव परिचित आहे. त्याच्या वृत्तांतात मूरांच्या, म्हणजे मुसलमानांच्या, दोन दुर्दैवी वीरांसाठी चाललेल्या दहा दिवसांच्या सुतकाचे नाव ‘होसीन गोसीन’ असे येते. त्याच ग्रंथात दुसऱ्या एका ठिकाणी तो ‘होसी गोसी’ असे लिहितो, आणि तेथे विषय शोकाचा नसून पटाईतांच्या हाणामारीचा आहे : या दिवसांत जुनी खाजगी वैरे उघडपणे उगवली जात, म्हणून त्या मोकळिकीला आळा घालावा लागला, असे त्याचे म्हणणे. एकाच लेखकाच्या हातून एकाच नावाची दोन रूपे पडावीत, आणि त्यातले अधिक झिजलेले, अधिक पोरकट वाटणारे रूप दंगामस्तीच्या संदर्भात यावे, हा निव्वळ योगायोगही असू शकेल; पण पुढे शब्दाच्या अर्थाचे जे झाले त्याची चाहूल मला येथेच लागते.

१७२० च्या एका नोंदीत रूप आहे ‘होसेन जोसेन’. येथे ‘ज’ प्रथमच ठळकपणे दिसतो. १७२६ मध्ये फ्रान्स्वा व्हालेंटाइन या डच लेखकाने लिहिले, की मोहरमात दोन भावांसाठी शोक पाळतात आणि हॉलंडचे लोक त्याला ‘याक्सम बाक्सम’ म्हणतात. रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये आर्कोटच्या वेढ्याची हकीकत छापली. क्लाइव्हने लढवलेल्या त्या गढीवर १७५१ च्या नोव्हेंबरात अखेरचा हल्ला झाला तो मोहरमच्या दिवसांतच. ऑर्म हा गंभीर वृत्तीचा इतिहासकार; तरीही ज्या भावांच्या हत्येचे स्मरण केले जाते त्यांची नावे तो ‘हासीन आणि जासीन’ अशी देतो. आता यमक केवळ बाजारबुणग्यांच्या तोंडी राहिलेले नव्हते. ते इतिहासग्रंथात शिरून एका ऐतिहासिक पुरुषाचे नावच बदलून बसले होते.

नेमके ‘हॉब्सन जॉब्सन’ हे रूप कोशाच्या माळेत येते १८२९ मध्ये, आणि तेही मुंबईत निघणाऱ्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ या शिकार-शर्यतींना वाहिलेल्या नियतकालिकातून. बोलणारा माणूस इंग्लंडच्या खेड्यातला आहे. त्याची इंग्रजी अशुद्ध, गावरान ढंगाची आहे आणि ती तशीच छापली आहे. तिचा रंग राखायचा तर मराठीत असे काहीसे म्हणावे लागेल : ‘ती कागदाची खोकी दिसाया झ्याक हाईत, पन लोकं काय कालवा करत्यात, बार काय उडवत्यात, तुताऱ्या काय फुंकत्यात, आन् हॉब्सन जॉब्सन, हॉब्सन जॉब्सन म्हनून वरडत्यात.’ ही कागदाची खोकी म्हणजे ताबूत. कामट्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद आणि अभ्रक चिकटवून तयार केलेली हुसेनच्या कबरीची ही प्रतिकृती महाराष्ट्राच्या गावोगावी आजही ओळखीची आहे. ते काय आहे, ते या माणसाला कळलेले नाही; कशासाठी ओरडतात, तेही नाही. त्याला दिसले आणि ऐकू आले तेवढेच त्याने सांगितले, आणि ऐकू आले ते त्याच्या गावच्या दोन आडनावांसारखे होते.

यमक नेमके कोठून आले

हॉबचा मुलगा तो हॉब्सन, जॉबचा मुलगा तो जॉब्सन. रॉबर्ट या नावाची लाडकी रूपे करताना मध्ययुगीन इंग्रज मंडळी यमकाचाच खेळ खेळत : रॉबवरून हॉब, डॉब आणि नॉब. म्हणजे हॉब्सन हे आडनाव स्वतःच एका यमकाचे अपत्य आहे. शिवाय हॉब हे खेडुताचे, साध्याभोळ्या गड्याचे ठरीव नाव होते. ‘होसेन जोसेन’ एवढे ऐकल्यावर खेड्यातून सैन्यात भरती झालेल्या शिपायाच्या तोंडी ही दोन आडनावे यावीत, यात नवल नाही.

आडनावांनी शेवटचे रूप का घेतले, ते यावरून कळते. दुसऱ्या पदात ‘ज’ कसा आला, याचा मात्र त्यावरून उलगडा होत नाही, कारण ‘जोसेन’ आणि ‘जासीन’ ही रूपे ‘जॉब्सन’च्या कित्येक वर्षे आधीची आहेत. माझ्या मते याचे उत्तर ‘या’ या संबोधनात आहे. ‘या हसन, या हुसेन’ हे सलग म्हणून पाहावे. दुसरा ‘या’ आधीच्या न-काराला चिकटतो, हुसेनचा ह-कार दबतो आणि ‘हसन्याउसेन’ असे काहीतरी ऐकू येते. या य-काराचा इंग्रजी कानाने आणि लेखणीने ‘ज’ केला असावा. या तर्काला डच रूपाची साक्ष मिळते. ‘याक्सम बाक्सम’चे पहिले अक्षर रोमन लिपीत ‘J’ असे लिहिलेले आहे, पण डच भाषेत त्या अक्षराचा उच्चार ‘य’ असा होतो. तेव्हा डचांच्या शब्दात आरोळीचा ‘या’ आरंभीच शाबूत राहिला आहे. इंग्रजी रूपात ‘या’ दोन नावांच्या मध्ये अडकला आणि डच रूपात तो डोक्यावर बसला, एवढाच फरक. कोश हाताळणाऱ्या इंग्रजी वाचकाने ते रूप ‘जॅक्सम बॅक्सम’ असे वाचले, तर हा दुवा त्याच्या हातून निसटतो.

यातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. गोऱ्या शिपायांनी गंमत म्हणून हा शब्द एकदा बनवला आणि तो पसरला, अशी सरधोपट कथा खरी मानता येत नाही. फ्रायरच्या हातचे ‘ग’ वाले रूप, १७२० चे ‘ज’ वाले, डचांचे ‘ब’ वाले, ही रूपे एकमेकांवरून उतरवलेली नाहीत. निरनिराळ्या बंदरांतल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांनी दोन पिढ्यांच्या अंतरात स्वतंत्रपणे यमकच ऐकले. न समजलेली लांब आरोळी लक्षात ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचे दोन सारखे तुकडे करणे. पहिला तुकडा जमेल तसा धरायचा आणि दुसऱ्याचे पहिले व्यंजन तेवढे बदलायचे. मराठीला ही युक्ती अनोळखी नाही. आपण ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ म्हणतो तेव्हा हेच करतो, आणि वस्तू नेमकी कोणती याला फारसे महत्त्व उरलेले नाही, हेही त्या ‘बि’ने सुचवतो.

अर्थाचे काय झाले

कोशात शब्दाचा अर्थ दिला आहे तो देशी लोकांचा उत्सवी गलबला, तमाशा, आणि विशेषतः मोहरमचा सोहळा असा. शोक हा अर्थ व्याख्येत नाही. तो पुढच्या स्पष्टीकरणात येतो. हसन-हुसेनच्या नावाने फोडलेला हंबरडा दीडशे वर्षांत ‘गडबडगोंधळ’ या अर्थाचा नाम झाला होता.

हा दोष सर्वस्वी ऐकणाऱ्यांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. पश्चिम हिंदुस्थानात मोहरम हा केवळ मातम नव्हताच. वाघाची सोंगे, लेझीम, पट्ट्याचे हात, मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या आणि त्यांची आपसांतली चढाओढ हे सारे त्यात होते, आणि त्यात हिंदूंचा सहभाग मोठा होता. पुण्यात १८९३ पर्यंत हिंदूंचे ताबूत निघत. त्या वर्षीच्या मुंबईतील दंगलीनंतर तो सहभाग आटला आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने मिरवणुकीची ती हौस आपल्याकडे ओढून घेतली. मुंबईच्या टोळ्यांचा धुडगूस इतका वाढला होता, की पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी १९१२ मध्ये मिरवणुकीवर कडक निर्बंध घातले आणि जुना थाट जवळजवळ संपला. भारतातील बहुसंख्य मुसलमान सुन्नी असूनही हा सोहळा शियांपुरता मर्यादित नाही, ही बाब यूलने स्वतः नोंदीत आवर्जून सांगितली आहे. आजही सांगली जिल्ह्यातील कडेगावी उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही असतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या परक्याला त्यात तमाशा दिसला, तर तो अगदीच खोटे पाहत नव्हता.

पण शब्दाने केवळ तेवढेच टिपले आणि बाकीचे पुसले, ही वस्तुस्थिती राहतेच, आणि त्यात यमकाचा वाटा आहे. ‘मोहरम’ किंवा ‘आशुरा’ (मोहरमचा दहावा दिवस) हा शब्द इंग्रजांनी वाकडातिकडा उच्चारला असता तरी तो एका गंभीर गोष्टीचे नाव म्हणून टिकला असता. यमकी जोडशब्दाला इंग्रजीत आधीच हलकेपणाचा डाग होता. शोकाची आरोळी त्या साच्यात पडली आणि साच्याचा सूर तिला चिकटला.

याच्या उलट उदाहरण त्रिनिदादमध्ये सापडते. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या हिंदुस्थानी गिरमिटियांनी मोहरम आपल्यासोबत नेला. तेथे तो ‘होसे’ या नावाने पाळला जातो. हा शब्दही हुसेनच्या आरोळीतूनच निघालेला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो येथे वसाहत सरकारने या मिरवणुकीवर गोळीबार केला आणि त्यात मजूर मेले. म्हणजे यूल आपल्या कोशात हॉब्सन-जॉब्सनची अवतरणे लावत होता त्याच सुमारास, त्याच आरोळीचे दुसरे अपत्य दुसऱ्या वसाहतीत जिवाच्या मोलाने पाळले जात होते. ‘होसे’मध्येही मूळ नाव झिजले आहे, पण तो शब्द मिरवणुकीत चालणाऱ्यांचा आहे, आणि त्याला यमक नाही.

शब्द ग्रंथाचे नाव होतो

यूल हा बंगाल इंजिनिअर्समधला निवृत्त अधिकारी, मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाचा संपादक. बर्नेल हा मद्रासच्या मुलकी सेवेतला न्यायाधीश आणि दक्षिणी लिपींचा जाणकार. तंजावरच्या मराठा राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची त्यानेच केली. दोघांचा पत्रव्यवहार १८७२ च्या सुमारास सुरू झाला आणि त्यातून कोश वाढत गेला. बर्नेल १८८२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. ग्रंथ लंडनला जॉन मरे यांच्याकडून निघाला १८८६ मध्ये. विल्यम क्रूक याने वाढवलेली आवृत्ती १९०३ ची.

प्रस्तावनेत यूलने नावाचे समर्थन केले आहे. नुसता ‘शब्दकोश’ म्हटले तर कोण हात लावणार, अशी त्याची पहिली चिंता. दुसरे कारण असे, की पौर्वात्य शब्द इंग्रजी बोलीत पुरता मुरला म्हणजे काय होते, याचा हा शब्द नमुनाच आहे. आणि तिसरे, थोडे खट्याळ : जोडनावातून दोन लेखकांची जोडी झाकलेपणाने सूचित होते. नाव ठरले तेव्हा जोडीतला एक जण हयात नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या तिसऱ्या कारणामागचा जिव्हाळाही दिसतो. एक विसंगती मात्र नोंदवण्याजोगी आहे. प्रस्तावनेत हा शब्द दुर्मीळ आणि मरणपंथाला लागलेला म्हटला आहे, तर आत नोंदीत तो आपल्याला वाटला होता तसा लुप्त झालेला नाही, पंजाबातील गोऱ्या शिपायांच्या तोंडी तो ऐकल्याचे एका मेजर मित्राने कळवले आहे, असे सांगितले आहे. कोशकाराला इतका जिवंत पुरावा मिळाल्यावर त्याने प्रस्तावना दुरुस्त करायला हवी होती, असे वाटते. पण मरणाऱ्या शब्दाला ग्रंथाच्या पाठीवर जागा देण्याची कल्पना त्याला बहुधा सोडवली नसावी.

या नावाने शब्दाला तिसरा अर्थ मिळवून दिला. परक्या शब्दाचे नाद आपल्या भाषेतील ओळखीच्या शब्दांवर बेतून घेण्याच्या प्रवृत्तीला इंग्रजी भाषाभ्यासात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणू लागले. युवराजाचा ‘अप्पर रॉजर’ आणि सिराजउद्दौल्याचा ‘सर रॉजर डाउलर’ ही त्याची कोशातलीच उदाहरणे. इंग्रज शेतकऱ्याने ॲस्पॅरॅगसचे ‘स्पॅरो-ग्रास’, म्हणजे चिमणीचे गवत, केले तेही त्याच जातीचे.

अशी मोडतोड काही इंग्रजांचीच मिरास नव्हे. वडगावच्या मोहिमेत ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. मराठी फौजेने त्याचे नाव ‘इष्टूर’ केले. नियम तोच : स्ट हे जोडाक्षर आरंभी जिभेला अडले, म्हणून पुढे इ-कार आला आणि बाकीचे नाव मराठी वळणावर गेले. पण त्या इष्टूरला जोड मिळाली ती ‘फाकडा’ या विशेषणाची. समोरच्याचे शौर्य मराठ्यांनी पाहिले होते, तो कोण आणि कशासाठी लढतो हे त्यांना कळले होते, आणि वडगावला इष्टूर फाकडा याच नावाने त्याचे स्मारक आजही ओळखले जाते.

आजच्या इंग्रजीत तमाशा या अर्थाने ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोणी म्हणत नाही. शब्द उरला आहे तो ग्रंथाचे नाव म्हणून आणि भाषाशास्त्राची संज्ञा म्हणून. ज्या शिपायांच्या तोंडी तो वाढला त्यांच्या पलटणी गेल्या, आणि ज्या आरोळीतून तो निघाला ती आरोळी मोहरमच्या दहाव्या दिवशी अजूनही तशीच दिली जाते.